गॅरेजचा काँक्रीट कोबा : काळ्या मातीच्या हुबळीत ठेकेदार नेमण्यापूर्वी काय पाहावे?

हुबळी : घराचे बांधकाम संपत आले, रंग झाला, वास्तुशांतीची तारीख ठरली की शेवटी गॅरेजच्या जमिनीकडे लक्ष जाते. गोकुळ रोडवर अक्षय पार्कपासून विमानतळाच्या बाजूपर्यंत वाढलेल्या वसाहतींमध्येही हेच चित्र आहे. उरलेली खडी, उरलेले सिमेंट आणि उरलेले बजेट यांत गॅरेज उरकले जाते. वर्षभराने मधोमध भेग जाते, कोपरा उचलला जातो, गेट जमिनीला घासू लागते. मग दोष सिमेंटला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चूक सिमेंटमध्ये नसते. ती कोब्याखालच्या मातीत, काँक्रीटमध्ये घातलेल्या जादा पाण्यात आणि नंतर न मारलेल्या पाण्यात असते. या तिन्ही गोष्टी काम सुरू होण्याआधी ठेकेदाराशी ठरवून घ्याव्या लागतात. काँक्रीट एकदा घट्ट झाले की दुरुस्ती म्हणजे फोडून पुन्हा करणे.

आधी माती पाहा, मग ठेकेदार

धारवाड जिल्ह्यात जमीन दोन प्रकारची. कलघटगी, अळणावर आणि धारवाडच्या पश्चिमेकडे तांबडी व मुरमाड. हुबळी, कुंदगोळ, नवलगुंद, अण्णिगेरी या पट्ट्यात मुख्यतः काळी. कन्नडमध्ये तिला ‘एरे मण्णु’ म्हणतात. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पाणी मिळाले की ते फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा त्याच्याच. घराच्या भिंतींखाली खोल पाया आणि वर भरपूर वजन असते, त्यामुळे त्या बऱ्यापैकी तग धरतात. गॅरेजचा कोबा मात्र चार-पाच इंचांचा, हलका आणि थेट मातीवर टेकलेला. माती फुगली की तीच त्याला उचलते.

या मातीवरचा एक महत्त्वाचा उपाय याच भागाशी जोडलेला आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केले. मलप्रभा कालव्यांच्या कामात काळ्या मातीचा प्रश्न मोठा होता. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबलेला थर मध्ये घातला तर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा आवरला जातो, हे त्यांनी दाखवले. ‘सीएनएस थर’ या नावाने ही पद्धत भारतीय मानकांतही आली. साध्या भाषेत, थोडी माती मिसळलेला चांगला मुरूम नीट दाबून घालणे. मुरमाला स्थानिक कन्नडमध्ये ‘गरसु’ म्हणतात. मुरुमाच्या गाडीवाल्याशी बोलताना हा शब्द उपयोगी पडतो.

गोकुळ रोडच्या एका प्लॉटवर फूटभर खाली मुरूम लागू शकतो, तर दुसऱ्यावर चार फूट काळी माती. म्हणून गॅरेजच्या जागी दोन-तीन फुटांचा खड्डा खणून पाहावा. शंका असेल तर मातीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन ‘फ्री स्वेल इंडेक्स’ काढून घ्यावा. चाचणी साधी आहे. चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात आणि पाण्यातली माती किती टक्के जास्त फुगली ते मोजतात. आकडा ५०च्या आत असेल तर धोका कमी. १०० ओलांडला तर माती बदलल्याशिवाय कोबा करू नये. हुबळी-धारवाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे स्थापत्य विभाग किंवा खासगी चाचणी केंद्रे यांच्याकडे याची चौकशी करता येते.

काम कोणाला द्यायचे?

गॅरेजच्या कोब्यासाठी साधारण चार प्रकारची माणसे भेटतात.

गवंडी किंवा मेस्त्री : घराचेच काम केलेला माणूस. जवळचा, बोलायला सोपा आणि दराने परवडणारा. प्लास्टर आणि विटकाम उत्तम करणाऱ्या मेस्त्रीचा हात कोब्यावर तसाच बसेल असे मात्र नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेले एक तरी गॅरेज त्याने दाखवले पाहिजे.

फ्लोअरिंगचा ठेकेदार : गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये ‘ट्रिमिक्स’ची कामे करणारे. ओल्या काँक्रीटमधले जादा पाणी व्हॅक्यूम पंपाने ओढून मग यंत्राने घोटाई करतात. पृष्ठभाग टणक होतो. पण एका गाडीच्या गॅरेजसाठी यंत्रे आणणे त्यांना अनेकदा परवडत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून काम दिले तर जमू शकते.

रेडिमिक्स पुरवठादार : हा फक्त काँक्रीट आणून देतो. पसरणे, घोटाई, क्युरिंग ही जबाबदारी त्याची नसते. ट्रान्झिट मिक्सर साधारण सहा घनमीटरचा असतो. एका गॅरेजला त्याच्या निम्म्याहूनही कमी लागते, म्हणून कमी मालाचा जादा आकार आधीच विचारावा.

सिव्हिल इंजिनिअर : घराचा नकाशा केलेल्या इंजिनिअरलाच दोन भेटींचे वेगळे पैसे देऊन बोलावता येते. पहिली भेट मुरूम दाबून झाल्यावर, दुसरी काँक्रीट ओतण्याच्या सकाळी. सगळ्या कामात ही रक्कम छोटी असते, पण मोठ्या चुका याच दोन टप्प्यांवर होतात.

दर विचारताना एकच माप सगळ्यांना द्या

‘चौरस फुटाला किती घेता?’ एवढेच विचारले तर तीन जण तीन वेगळ्या कामांचे दर सांगतात. एक फक्त मजुरी धरतो, दुसरा तीन इंच जाडी, तिसरा मुरमासकट सगळे. तुलना होत नाही आणि कमी आकडा सांगणाऱ्याला काम जाते. म्हणून आधी आपले माप कागदावर मांडावे.

उदाहरणार्थ, १२ बाय २० फुटांचे गॅरेज म्हणजे २४० चौरस फूट. ५ इंच जाडी धरली तर काँक्रीट बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास, सुमारे २.८ घनमीटर. ४ इंच धरली तर ८० घनफूट. एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट लागते. म्हणजे ५ इंचांना तेवीसच्या आसपास, ४ इंचांना अठराच्या आसपास. एका इंचाचा फरक म्हणजे चार-पाच पोती सिमेंट आणि त्या प्रमाणात खडी-वाळू. लहान कारला ४ इंच चालतात. मोठी गाडी असेल तर ५ आणि मालवाहू टेम्पो उभा राहणार असेल तर ६ इंच धरावेत.

दीड फूट काळी माती काढून मुरूम भरायचा असेल तर दाबल्यानंतरचा मुरूम ३६० घनफूट, म्हणजे ३.६ ब्रास. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, त्यामुळे साडेचार ब्रासच्या पुढे मागवावा लागतो. ‘तीन ब्रासमध्ये भागवतो’ असे कोणी म्हणत असेल तर थर कमी पडणार, हे तिथेच कळते.

सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकावर बोलणी करू नयेत. सिमेंट आपण आणून देणार की ठेकेदार आणणार, हे आधी ठरवावे. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष पाहून तीन महिन्यांपेक्षा जुना माल परत करावा.

कोब्याखाली काय असावे

काळी माती ठरलेल्या खोलीपर्यंत काढल्यानंतर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरावा. प्रत्येक थरावर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा छोट्या रोलरने दाबावा. हाताच्या धुम्मसाने कोपरे होतात, सगळे गॅरेज नीट दाबले जात नाही. एकदम दीड फूट मुरूम टाकून वर पाण्याचा पाइप सोडून ठेवणे म्हणजे दाबणे नव्हे. दाबलेल्या मुरमावर टाचेचा खोल ठसा उमटू नये. त्यावर खडीचा थर किंवा पातळ पीसीसी आणि वर २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरावा. जमिनीची ओल वर येत नाही आणि काँक्रीटचे पाणी खाली शोषले जात नाही.

भिंत, खांब आणि कोबा यांच्यामध्ये थर्माकोलची किंवा फोमची अर्धा इंची पट्टी हवी. भिंत आणि कोबा वेगवेगळे हलतात. ते एकमेकांना चिकटवले तर भेग ठरलेली. हुबळीत हीच पट्टी सर्रास गाळली जाते.

उतार दाराबाहेर काढावा, दर शंभर फुटांना एक फूट या प्रमाणात. २० फुटांच्या गॅरेजला हा फरक साधारण अडीच इंच येतो. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून भिंतीवर रेघ मारून घ्यावी. समोरचा रस्ता नव्याने काँक्रीटचा होऊन उंच झाला असेल तर पावसाचे पाणी उलटे आत येते. तिथे दारात आडवी जाळीची गटार घ्यावीच लागते. काळ्या मातीत कोब्याच्या कडेला पाणी साचू न देणे हा अर्धा इलाज आहे. गच्चीच्या पाइपचे पाणी, झाडांना घालायचे पाणी आणि गाडी धुण्याचे पाणी गॅरेजच्या कडेपासून दूर न्यावे.

सळई, खडी आणि पाणी

८ मिलिमीटरची सळई आठ इंचांवर दोन्ही दिशांना, किंवा तयार वेल्डेड जाळी पुरते. सळई भेग थांबवत नाही, पडलेली भेग उघडू देत नाही. त्यासाठी ती जाडीच्या वरच्या भागात हवी. प्रत्यक्षात ती जमिनीवर पडलेली असते आणि ‘ओतताना वर उचलतो, सायेब’ असे उत्तर मिळते. उचलली जात नाही. कव्हर ब्लॉकवर बांधलेली जाळी पाहिल्याशिवाय काँक्रीट सुरू करू देऊ नये.

नदीची वाळू, म्हणजे ‘उसुकु’, वापरायची असेल तर काचेच्या बरणीत निम्मी वाळू व थोडे मीठ घातलेले पाणी घालून हलवावे आणि तीन तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वाळू धुवावी किंवा परत करावी. एम-सँड असेल तर ती काँक्रीटसाठीची आहे, प्लास्टरची बारीक नाही, हे बिलावर पाहावे.

सगळ्यात जास्त भांडण होते ते पाण्यावरून. पातळ काँक्रीट पसरायला सोपे, म्हणून मजूर बादल्या वाढवतात. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार एम-२० च्या ठरावीक मिश्रणाला ५० किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. जादा पाणी वाफ होऊन गेले की मागे पोकळ्या राहतात, ताकद कमी होते आणि वर्षभरात पृष्ठभागाची पांढरी भुकटी होऊन चाकांना लागते. मिक्सरजवळ मापाची बादली ठेवून तिच्यावर रेघ मारणे, हा सोपा उपाय. रेडिमिक्स आले तर चलनावर ग्रेड आणि भरल्याची वेळ वाचावी. दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. गाडीत वरून पाणी घालू देऊ नये.

‘आम्ही क्यूब भरणार आहोत’ एवढे आधी सांगितले तरी काम सुधारते. १५ सेंटिमीटरचे सहा ठोकळे भरून तीन सातव्या आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत फोडून घेता येतात.

ओतण्याचा दिवस आणि घोटाई

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, वारा कोरडा आणि संध्याकाळी वळिवाचा भरवसा नाही. उन्हाळ्यात काम करायचेच असेल तर पहाटे सुरू करावे, वर शेडनेट बांधावी आणि ताडपत्री जवळ ठेवावी.

काँक्रीट ओतल्यावर व्हायब्रेटर, मग पाटा, मग लाकडी रंधा. त्यानंतर थांबायचे असते. वर आलेले पाणी निघून जाईपर्यंत लोखंडी थापी लावायची नाही. घाईतले मजूर त्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरतात आणि घोटून चकचकीत करतात. त्या दिवशी काम सुंदर दिसते, पण तो पातळ थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. गॅरेजला आरशासारखी घोटाई नकोच. पावसाळ्यात दुचाकी घसरते. आत मध्यम गुळगुळीत आणि दारातल्या उतारावर झाडूने ओढलेला खरखरीत पृष्ठभाग ठेवावा.

काँक्रीट आकसणार आणि कुठे तरी तडकणार, हे धरूनच सांधे द्यायचे असतात. ४-५ इंच जाडीला आठ-दहा फुटांच्या आत एक सांधा. १२ बाय २० च्या गॅरेजचे ६ बाय १० चे चार चौक पडतात. खाच जाडीच्या पाव भागाइतकी, म्हणजे एक ते सव्वा इंच. कटर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लागला पाहिजे, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. ‘चार दिवसांनी कटर आणतो’ म्हणणाऱ्याच्या आधी भेग येते आणि ती स्वतःची वाट स्वतः ठरवते.

पाणी कोण मारणार?

साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किंवा कडक उन्हात किमान १० दिवस काँक्रीट सतत ओले ठेवावे, असे मानक सांगते. मिश्र सिमेंटला १४ दिवस द्यावेत, अशी शिफारस आहे. बाजारात मिळणारे बरेच सिमेंट पीपीसी असते, त्यामुळे ‘आठवडा झाला, बास’ हे चालत नाही. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून मधल्या वेळेत कोरडे पडू देणे, हेही क्युरिंग नव्हे.

हुबळीच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. २४० चौरस फुटांवर आळी करून एक इंच पाणी साठवायचे तर सुमारे ५६० लिटर लागतात आणि रोज भर घालावी लागते. त्याऐवजी ओली पोती अंथरून वर प्लास्टिक झाकले तर बरेच पाणी वाचते. टाकी भरलेली नसेल तर काँक्रीटची तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे. पाणी मारणे ठेकेदाराकडे की घरच्यांकडे, हे लिहून ठेवावे. दोघांनीही दुसऱ्यावर सोडलेले असते.

चालायला एक-दोन दिवस, दुचाकीला सात दिवस, कारला किमान दहा-चौदा दिवस आणि जड गाडीला २८ दिवस थांबावे.

कागदावर काय लिहून घ्यावे

ओळखीचा मेस्त्री असला तरी साध्या कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात. मराठी, कन्नड, कुठलीही भाषा चालेल. आकडे स्पष्ट हवेत.

१. गॅरेजचे माप, कोब्याची जाडी आणि काँक्रीटचा ग्रेड.
२. किती इंच माती काढणार, किती इंच मुरूम, किती थरांत आणि कशाने दाबणार.
३. सळईची जाडी व अंतर, प्लास्टिकचा कागद, भिंतीकडेची पट्टी.
४. उताराची दिशा आणि प्रमाण.
५. सांध्यांची जागा आणि कटर लावण्याची वेळ.
६. क्युरिंग कोण करणार आणि किती दिवस.
७. निघालेली काळी माती आणि राडारोडा कोण उचलणार.
८. दरात साहित्य, यंत्रे, कर काय काय धरले आहे.
९. पैशांचे हप्ते.

सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. मुरूम दाबून झाल्यावर एक हप्ता, काँक्रीट व घोटाईनंतर दुसरा, सांधे कापल्यावर तिसरा आणि शेवटचे दहा टक्के २८ दिवसांनी, अशी विभागणी दोघांनाही सोयीची. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. मुरूम, जाळी आणि कागद अंथरलेल्या अवस्थेचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. काँक्रीटखाली झाकले गेल्यावर दुसरा पुरावा राहत नाही.

भेग पडलीच तर

केसासारखी बारीक, सांध्यात पडलेली भेग काळजीची नाही. पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा असतील तर काँक्रीट लवकर वाळले. भुकटी निघत असेल तर पाणी जास्त झाले किंवा घोटाई लवकर झाली. त्यावर द्रव हार्डनरने काही काळ भागते. भिंतीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग म्हणजे पट्टी नव्हती. भेगेच्या एका बाजूची जमीन वर आणि दुसरी खाली असेल, पावसाळ्यात मिटत असेल आणि उन्हाळ्यात उघडत असेल तर खालची माती हलते आहे. तिथे सिमेंट भरून उपयोग नाही. कडेचे पाणी बंद करून एक पावसाळा पाहावा. हालचाल थांबली नाही तर तो चौक फोडून खालचा भराव बदलावा.

ठेकेदार दाद देत नसेल तर आधी लेखी नोटीस द्यावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणीचे काम ‘सेवा’ या व्याख्येत येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. धारवाड येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तिथे करारनामा, बिले, यूपीआयच्या नोंदी आणि तारखेसह फोटो लागतात. म्हणून मुरुमाची पहिली गाडी येण्याआधीच या सगळ्याची एक फाइल सुरू करावी.